वाहनांवरील पाण्याचे डाग आणि गावचे पाणी



शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावपाशी भातसा नदी ओलांडतो. ऐन वैशाखात पुलावरून खाली पाहिले तरी पात्रात पाणी वाहताना दिसते. वरच्या अंगाला असलेल्या भातसा धरणातून सोडलेले ते पाणी होय. पात्रातूनच ते खाली भिवंडी तालुक्यातील पिसे येथे पोहोचते, तेथे उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते आणि मुंबईच्या घराघरांत जाते. याच शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. आणि याच तालुक्यातील अनेक गावे व पाडे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ या म्हणीचा अर्थ या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

अशा तालुक्यात वाहनांच्या रंगावरील व काचांवरील पाण्याचे डाग कसे काढावेत, हा विषय चर्चेला घेणे अनेकांना चैनीचे वाटेल. प्यायला पाणी नाही तेथे मोटारीच्या चकाकीची चिंता कशाला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच आहे. परंतु हे डाग पडतात ते मुख्यतः जमिनीतून उपसलेल्या पाण्यामुळे. ते घालविण्यासाठी लोक त्याच पाण्याच्या आणखी दोन बादल्या ओततात, म्हणजे पाणीही जाते आणि डागही वाढतात. शिवाय हा प्रश्न केवळ चकाकीचा नाही. रुग्णवाहिका, शाळेच्या मुलांना नेणारी गाडी, एस.टी., भाजीचा टेम्पो आणि गावोगाव पाणी पोहोचविणारा टँकर, या सर्वांच्या पुढच्या काचेवर तेच पांढरे ठिपके असतात. दिवसा ते डोळ्यांत भरत नाहीत. रात्री समोरून प्रखर दिवे आले की प्रत्येक ठिपका उजळतो आणि संपूर्ण काच दुधाळ होते. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्या उजेडात हरवतो. पावसाळ्यात माळशेज घाटात धुके उतरते, तेव्हा तर अशी काच म्हणजे धुक्यात आणखी धुके.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनाच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. डागाळलेली काच कदाचित या मोजमापात उत्तीर्णही होईल, कारण डाग प्रकाश अडवितात त्यापेक्षा तो विखुरतात अधिक. पण चालकाला त्रास होतो तो नेमका या विखुरलेल्या प्रकाशाचाच. नियमाचे समाधान झाले तरी डोळ्यांचे होत नाही.

या डागांविषयी पहिला गैरसमज असा, की ते मळाचे आहेत. मळ असता तर साबणाने गेला असता. प्रत्यक्षात ते पाण्यातून आलेल्या क्षारांचे पापुद्रे आहेत. पाऊस आकाशातून पडतो तेव्हा त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात. तो मातीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून महिनोन् महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे, झिरपत राहते आणि त्या दगडातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका थोडी थोडी उचलते. नदीनाल्यांतून वाहून धरणात साठलेल्या पाण्याला दगडाचा इतका दीर्घ सहवास घडत नाही. म्हणून ते सामान्यतः मृदू असते. पुलाखालून वाहणारे पाणी आणि गावातील कूपनलिकेचे पाणी एकाच पावसाची अपत्ये असूनही त्यांचे स्वभाव भिन्न असतात, ते यामुळे. कूपनलिकेच्या पाण्याला लोक ‘जड पाणी’ म्हणतात. शास्त्रात त्याला कठीण पाणी म्हणतात.

सर्वच कूपनलिकांचे पाणी सारखे कठीण असते असे मात्र नाही. शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांतही फरक आढळतो. भारतीय मानक १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगा मानला आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही काचेला मानवेलच असे नाही. एक साधा हिशेब करून पाहावा. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्याने जीप धुतली आणि अंगावर केवळ पाव लिटर पाणी राहून वाळले, तर सुमारे ७५ मिलिग्रॅम चुनखडीसारखा क्षार मागे राहिला. दिसायला ही चिमूटसुद्धा नव्हे. पण अशी शंभर धुलाई झाली की साडेसात ग्रॅम होतात, आणि तेवढा चुना काचेवर व बोनेटवर पसरलेला ओळखू न येणे अशक्य आहे.

थेंब वाळताना डागाची कड मधल्या भागापेक्षा अधिक पांढरी का होते, याचाही उलगडा झालेला आहे. थेंबाच्या कडेचे पाणी सर्वांत लवकर उडून जाते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे सरकते आणि येताना आपल्याबरोबर पाण्यातला ऐवज आणून कडेला टाकते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये सांडलेल्या कॉफीच्या डागाचे निमित्त करून ही क्रिया समजावून दिली. ज्या घरात चहाचा कप टेकवल्याची कडी टेबलावर उमटली आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे असे म्हणता येईल.

वाहनचालक मंडळींना हा विषय वस्तुतः नवा नाही. बॅटरीत कूपनलिकेचे पाणी घालू नये, हे शिकाऊ क्लीनरलाही माहीत असते. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच लागते. रेडिएटरमध्ये जड पाणी घातले तर आत खपली धरते आणि इंजिन तापते, हेही अनुभवी चालक जाणतो. तेच पाणी काचेवर ओतून उन्हात वाळू देताना मात्र हात अडखळत नाही. वायपरसाठी असलेल्या पाण्याच्या छोट्या टाकीतही तेच भरले जाते. मग फवाऱ्याची छिद्रे बुजतात आणि वायपरचे रबर काचेवर साचलेल्या खरखरीत क्षारावरून फिरू लागते. वायपरच्या कमानीत बारीक ओरखडे दिसतात त्यांत धुळीबरोबर या क्षाराचाही हात असतो.

आता डाग काढण्याकडे वळू. क्षार घासून काढायचा नसतो, विरघळवायचा असतो. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर अर्धे नुकसान टळते. तारेची घासणी, काथ्या, राख किंवा भांड्यांची पावडर यांनी डाग जातो तसा रंगही जातो. आजच्या मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. घासणीला तेवढा लेप पुरत नाही.

गाडी सावलीत उभी करून बोनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. प्रथम ओल्या फडक्याने धूळ अलगद उचलून घ्यावी, नाहीतर पुढे तीच धूळ कानसीसारखी फिरते. स्वयंपाकात वापरतात तो पांढरा शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि तितकेच स्वच्छ पाणी एकत्र करावे. शिरका न मिळाल्यास किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पाव लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचाभर विरघळवावे. या पाण्यात सुती फडके भिजवून डागांवर नुसते पसरून ठेवावे. रंगावर दोन-तीन मिनिटे पुरतात, काचेवर दहा मिनिटांपर्यंत ठेवण्यास हरकत नाही. फडके वाळू देऊ नये. नंतर हलक्या हाताने पुसून मृदू पाण्याने धुवावे आणि ताबडतोब कोरडे करावे. डाग राहिल्यास तीच क्रिया पुन्हा करावी. तीव्र आम्लाने एकदा करण्यापेक्षा सौम्य आम्लाने तीनदा करणे केव्हाही बरे. गाडीच्या एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर आधी करून पाहिल्यास रंगाविषयीची शंका राहत नाही, विशेषतः जुन्या किंवा पुन्हा रंगविलेल्या गाडीच्या बाबतीत.

घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात, म्हणून कोणी चिंचेचा कोळ सुचवितात. तो येथे उपयोगाचा नाही. चिंचेतील टार्टारिक आम्लाचा चुन्याशी संयोग झाला की सहजी न विरघळणारा नवा पांढरा क्षार तयार होतो. तांब्यावरील काळपटपणा आणि काचेवरील चुना हे दोन निरनिराळे रोग आहेत. लिंबाचा रस चालतो, परंतु त्यातील गर व साखर चिकटून राहते, म्हणून नंतर नीट धुवावे लागते. टंचाईच्या दिवसांत लिंबाचा भाव काय असतो हेही विसरू नये.

याउलट शौचालय साफ करण्याचे तीव्र आम्ल वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते चुना क्षणात खाते हे खरे, पण त्याबरोबर चकचकीत मुलामा, ॲल्युमिनियम आणि पत्र्याच्या उघड्या कडाही खाते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली गेली तर विषारी क्लोरिन वायू सुटतो. ग्रामपंचायतीच्या गोदामात या दोन्ही वस्तू बहुधा एकाच फळीवर असतात, म्हणून हा इशारा. काच क्षणात स्वच्छ करणारी काही द्रावणे हायड्रोफ्लोरिक आम्लाची असतात. ते काचही खाते, आणि हाताला लागल्यास सौम्य द्रावणाची वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर ते त्वचेतून आत उतरलेले असते. अशा द्रावणाच्या वाटेला कोणीही जाऊ नये.

काही डाग शिरक्याने पुष्कळसे जातात, पण एक पुसट सावली मागे ठेवतात. काळ्या पाषाणातील भूजलात सिलिकाही असते हे वर आलेच आहे. काच ही मुख्यतः सिलिकेचीच बनलेली असल्याने हा पापुद्रा काचेला भावाभावासारखा बिलगतो आणि सौम्य आम्लाला दाद देत नाही. त्यासाठी काचकाम करणारे कारागीर वापरतात ती सिरियम ऑक्साइडची बारीक भुकटी पाण्यात कालवून मऊ नमद्याने काच हळूहळू घोटावी लागते. हे काम रंगावर करायचे नाही आणि काचेवरही घाईने करायचे नाही. घर्षणाने काच एकाच जागी तापली तर तडकते.

आणखी एक अवस्था याच्याही पुढची आहे. काचेला पाणी काही करीत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु काचेवर ओल दीर्घकाळ टिकली तर ती काचेतील सोडियम थोडे थोडे बाहेर ओढते. थेंब आटत जाईल तसा तो अधिक अल्कधर्मी होतो आणि शेवटी काचेच्या सिलिकेलाच खाऊ लागतो. मग डाग काचेवर नसतो, काचेत असतो. महिनोन् महिने न पुसता उभ्या ठेवलेल्या वाहनांच्या काचा पुढे कशानेही स्वच्छ होत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. सिमेंटच्या छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांना अशीच आणखी एक पीडा असते. गळक्या स्लॅबमधून ठिबकणारे पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येते आणि तीव्र अल्कधर्मी असते. कूपनलिकेच्या पाण्याचा डाग आठवडाभराने काढला तरी चालेल. स्लॅबच्या ठिबकीचा डाग त्याच दिवशी काढावा, आणि गाडी दुसरीकडे लावावी.

शिक्षकांना या विषयात एक सुरेख पाठ सापडेल. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत पावसाचे आणि दुसरीत कूपनलिकेचे पाणी सारख्या मापाने घ्यावे. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकून हलवावे. एकीत फेस उभा राहतो. दुसरीत पांढरट साका धरतो आणि फेस मागाहून, पुष्कळ थेंबांनंतर येतो. साबण अंगावरचा खरा साबण हवा, धुण्याची पावडर नको, कारण पावडरीला कठीण पाण्यातही फेस येतो. मग दोन्ही पाण्यांचे एकेक थेंब काचेच्या पट्टीवर उन्हात वाळवावेत आणि उरलेल्या डागावर शिरक्याचा थेंब टाकून भिंगातून पाहावे. चुना असल्यास बारीक बुडबुडे दिसतात. शाळेच्या ओसरीवर शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर मात्र शिरका सांडू देऊ नये. ती फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. प्रयोग फरशीवरच होईल आणि खूण कायम राहील.

कठीणपणाचा आकडा हवा असेल तर त्याचीही सोय आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील किमान पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या तपासणीत कठीणपणाही मोजता येतो. गावातील प्रत्येक स्रोताचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला, तर कोणते पाणी कशासाठी वापरावे हे घरातील गृहिणीलाही कळेल आणि चालकालाही. डाळ कोणत्या विहिरीच्या पाण्यात शिजत नाही, हे गृहिणींना पूर्वीपासून ठाऊक असते. चालकाने त्यांना विचारले तरी निम्मे काम होईल.

डाग पडूच नयेत यासाठी लागणारे मृदू पाणी आणायचे कोठून? नदी समोर दिसते, म्हणून वाहन सरळ पात्रात उतरविण्याचा विचार सुचणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात अनेक नद्यांच्या काठी हे दृश्य दिसते. पण टेम्पोच्या खालच्या अंगाचे तेल, ग्रीस आणि साबण पात्रात गेले की ते खालच्या प्रत्येक गावाच्या आणि पिसे येथून पाणी उचलणाऱ्या महानगराच्या पाण्यात मिसळते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ ने प्रवाहात प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई केलेली आहे. पात्रात पोहणाऱ्या मुलांसाठी आणि पाणी पिणाऱ्या गुरांसाठी कलमाचा आधार शोधण्याचीही गरज नाही.

मृदू पाणी त्याहून जवळ आहे. पावसाळ्यात या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर हंगामात चाळीस हजार लिटर पडते आणि ओहोळातून निघून जाते. त्यातले सर्व साठविणे कोणाला शक्य नाही आणि वाहनासाठी आवश्यकही नाही. पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी सोडून देऊन दोनशे लिटरचे एक पिंप भरून ठेवले तरी उन्हाळा निभतो. पिंपाचे तोंड घट्ट झाकलेले असावे, अन्यथा काचेचे डाग वाचविण्याच्या नादात डेंग्यूचे डास पोसले जातील.

एवढेसे पाणी कसे पुरते, हे विचारले जाईल. संपूर्ण गाडी पावसाच्या पाण्याने धुवायची नसून केवळ शेवटची पुसणी त्याने करायची असते. पाइप लावून गाडी धुताना शेकडो लिटर पाणी सहज जाते. त्याऐवजी एका बादलीत साधे पाणी घेऊन वरून खाली फडक्याने धूळ काढावी, सूर्य चढण्यापूर्वी काढावी, आणि मग दोन लिटर मृदू पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने काच व रंग पुसून कोरडे करावे. आठवड्याला दोन लिटर म्हणजे दोनशे लिटरचे पिंप जवळजवळ दोन वर्षे चालेल. शेजारच्या एखाद्याने त्यातून घेतले तरी पुढचा पाऊस येईपर्यंत ते आटत नाही. वायपरची टाकीही त्याच पिंपातून गाळून भरावी. टँकरच्या चालकांना हे विशेष सांगण्याजोगे आहे, कारण भरताना व रिकामा करताना उडणाऱ्या शिंतोड्यांनी त्यांच्या गाड्या दिवसातून अनेकदा भिजतात आणि उन्हात वाळतात. केबिनमध्ये एक कोरडे फडके ठेवून प्रत्येक खेपेनंतर पुढची काच पुसणे, एवढाच त्यांच्यासाठी उपाय आहे. पुसलेल्या थेंबाचा डाग पडत नाही.

सरकारी वाहनांच्या बाबतीत काचेची पाहणी दिवसा करण्याचा प्रघात आहे. दिवसा स्वच्छ दिसणारी काच रात्रीसाठी योग्य असतेच असे नाही. तपासणी सायंकाळी करावी. वाहन उभे ठेवून चालकाच्या जागी बसावे आणि समोर पंचवीस-तीस पावलांवर दुसऱ्या गाडीचे दिवे लावण्यास सांगावे. ठिपके उजळले तर काच वर सांगितल्याप्रमाणे शिरक्याने धुवावी आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा पाहावे. तरीही दिव्यांभोवती तीच दुधाळ प्रभा दिसत असेल, तर घोटून पाहावे. तेही निष्फळ ठरले, तर काच आतून खाल्ली गेली आहे असे समजून ती बदलण्याचा प्रस्ताव करावा, आणि प्रस्तावात ‘काच खराब’ एवढेच न लिहिता सायंकाळच्या पाहणीत काय दिसले ते चालकाच्या शब्दांत लिहावे.